डेस्कटॉपचा प्रोसेसर इनबिल्ट ग्राफिक्ससह घ्यावा की त्याशिवाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात असेंबल्ड पीसीचे कोटेशन मागितले, की कागदावर प्रोसेसरच्या क्रमांकाला चिकटून एखादे अक्षर लिहून येते: कधी ‘एफ’, कधी ‘के’, कधी ‘जी’. ज्या रस्त्याला पाटीवरचे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव सहसा कुणी वापरत नाही, तिथे छापील नावांकडे दुर्लक्ष होणे साहजिक आहे. पण हे एक अक्षर नजरेतून सुटले, तर घरी आणलेला संगणक सुरू होऊनही पडद्यावर काहीच दिसत नाही. ओळखीपाळखीच्या लोकांची कोटेशने तपासून देताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

इनबिल्ट ग्राफिक्स म्हणजे नेमके काय, आणि ते असते कुठे?

पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम करणारा भाग पूर्वी मदरबोर्डावरच्या चिपसेटमध्ये असे, म्हणून दुकानदार आजही त्याला सवयीने ‘ऑनबोर्ड’ म्हणतात. जानेवारी २०१० मध्ये इंटेलने हा भाग प्रोसेसरच्या वेष्टनात आणला आणि जानेवारी २०११ मधल्या सँडी ब्रिज पिढीत तो प्रोसेसरच्याच सिलिकॉनच्या चकतीवर गेला. एएमडीनेही २०११ मध्येच ‘एपीयू’ या नावाने तसे प्रोसेसर बाजारात आणले. तेव्हापासून बोर्डाच्या पाठीमागचे एचडीएमआय पोर्ट हे केवळ मोरीतल्या नळासारखे आहे. पाणी गच्चीवरच्या टाकीतून यायचे असते, आणि टाकीच बसवलेली नसेल तर नळ कितीही चकचकीत असला तरी कोरडाच राहतो. बोर्डाला एचडीएमआय आहे म्हणजे ग्राफिक्स आहे, ही समजूत त्यामुळे चुकीची आहे, आणि सर्वाधिक फसगत याच समजुतीतून होते.

कोणत्या अक्षराचा अर्थ काय होतो?

इंटेलच्या बाबतीत नियम सोपा आहे. क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असेल, मग तो १२४००एफ असो, १३६००केएफ असो किंवा नव्या कोअर अल्ट्रा मालिकेतला २६५केएफ असो, त्यात वापरता येण्याजोगे ग्राफिक्स नाही. नुसते ‘के’ असेल तर ग्राफिक्स आहे. ‘के’चा संबंध ओव्हरक्लॉकिंगशी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याशी आहे.

एएमडीच्या बाबतीत मात्र सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक, पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. जुन्या एएम४ सॉकेटवरच्या रायझन प्रोसेसरांमध्ये ग्राफिक्स हा अपवाद होता आणि तो ‘जी’ने दाखवला जाई: ३२००जी, ५६००जी, ५७००जी. म्हणजे ५६००, ५६००एक्स किंवा ५५०० यांत काहीच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ७००० मालिका आणि तिच्यासोबत एएम५ सॉकेट आले, आणि गणित उलटे झाले. तिथल्या नेहमीच्या रायझनमध्ये पडद्यापुरते छोटे ग्राफिक्स असतेच आणि ते नसल्याचे ‘एफ’ने सांगितले जाते, जसे ७५००एफ किंवा ८४००एफ. थोडक्यात, एएम४ वर ‘जी’ शोधायचा आणि एएम५ वर ‘एफ’ आहे का ते पाहायचे.

‘एफ’ प्रोसेसर खराब माल असतो का? किंवा उलट, तो जास्त वेगवान असतो का?

दोन्ही समजुती बाजूला ठेवाव्यात. प्रोसेसरच्या चकतीवर ग्राफिक्सचा भाग छापलेला असतोच. ‘एफ’मध्ये तो कायमचा बंद केलेला असतो. काही चकत्यांत नेमका तेवढाच भाग सदोष निघतो, आणि अशी चकती फेकून देण्याऐवजी बाकीचा धडधाकट भाग विकणे हा कारखान्याच्या दृष्टीने शहाणपणाचा व्यवहार आहे. इंटेलने २०१९ च्या सुरुवातीला नवव्या पिढीपासून असे डेस्कटॉप प्रोसेसर विकायला सुरुवात केली. गंमत अशी, की तेव्हा त्यांची छापील किंमत ग्राफिक्स असलेल्या भावंडांइतकीच ठेवलेली होती. ती नंतर त्याच वर्षी उतरवली गेली.

वेगाचे म्हणाल तर १२४०० आणि १२४००एफ यांच्यात सहा कोअर, बारा थ्रेड, ४.४ गिगाहर्ट्झचा कमाल वेग, १८ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) आणि ६५ वॅटची मूळ मर्यादा हे सगळे तंतोतंत सारखे आहे. पडद्यावर चित्र उमटवणारे वेगळे ग्राफिक्स कार्ड लावलेले असेल तर रोजच्या वापरात त्यांतला फरक ओळखता येणार नाही.

मग पैसे किती वाचतात?

जानेवारी २०२२ मध्ये या दोन प्रोसेसरांच्या अधिकृत किमतींत सुमारे २५ डॉलरचा फरक होता. आपल्याकडे दुकानागणिक आणि आठवड्यागणिक तो बदलतो, त्यामुळे दोन्हींचे भाव एकाच दिवशी, एकाच दुकानात आणि १८ टक्के जीएसटी धरून विचारावेत. फरक हजाराच्या आत असेल तर ‘एफ’चा विचारही करू नये, असे माझे मत आहे. फरक अडीच-तीन हजारांपर्यंत जात असेल, कार्ड हातात असेल आणि त्या पैशांत ५०० जीबीऐवजी १ टीबीचा एसएसडी बसत असेल, तर ‘एफ’ घेणे समंजसपणाचे ठरते. पण वाचलेला पैसा कुठे जाणार हे ठरलेले नसेल, तर तो वाचला असे म्हणता येत नाही.

आत्ता ‘एफ’ घेतो आणि कार्ड दिवाळीला घेतो, असे चालेल का?

चालणार नाही. दिवाळीपर्यंत पडदा काळा राहील.

वेगळे कार्ड घेणारच असेन, तर इनबिल्ट ग्राफिक्सवर पैसे का घालवावेत?

हा प्रश्न रास्त आहे आणि याच प्रश्नावर माझे मत गेल्या काही वर्षांत बदलले. पूर्वी मीही कार्ड असलेल्या माणसाला बेधडक ‘एफ’ सुचवत असे. २०२१ च्या जुलैमध्ये, बाहेर पाऊस झोडपत असताना, माझ्या घरच्या ‘एफ’वाल्या संगणकाचे कार्ड एका सकाळी गेले. पंखे फिरत होते, कीबोर्डचे दिवे लागत होते, आणि बोर्डाच्या कोपऱ्यातल्या चार छोट्या दिव्यांपैकी ‘व्हीजीए’ (म्हणजे ग्राफिक्स) असे लिहिलेला पांढरा दिवा तेवढा स्थिर जळत होता. प्रोसेसर, रॅम, डिस्क सगळे शाबूत होते, तरीही एक फाइल उघडता येत नव्हती. वॉरंटीत दिलेले कार्ड परत यायला पाच आठवडे लागले. तो काळ जगभर कार्डांच्या टंचाईचा होता, नवे कार्ड मूळ किमतीच्या दुपटीने विकले जात होते, आणि शेवटी शेजारच्या इमारतीतल्या एका मित्राच्या अडगळीतून जुने जीटी ७१० मागून आणून मी काम चालवले. तेव्हा वाचवलेल्या दोन हजारांचा हिशेब त्या पाच आठवड्यांत केव्हाच उलटा झाला होता.

इनबिल्ट ग्राफिक्सचा खरा उपयोग हा असा आहे: कार्ड नसेल त्या दिवशी संगणक चालू राहतो. कार्ड दुरुस्तीला गेलेले असो, जुने विकून नव्याची वाट पाहणे असो, किंवा दोष कार्डाचा की एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याच्या डब्याचा) हे शोधणे असो, केबल बोर्डाच्या पोर्टात लावून पाहता येणे ही मोठी सोय आहे. ज्यांना बदलापूरहून किंवा विरारहून कॅबिनेट लोकलमधून ग्रँट रोडला आणावे लागते, त्यांना या सोयीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पुढे संगणक विकायचा झाला तर कार्ड स्वतःकडे ठेवून उरलेला संच चालता-बोलता दाखवून विकता येतो, हा आणखी एक फायदा.

‘एफ’च घ्यायचे ठरले असेल, तर घरात एखादे जुने, चालू स्थितीतले कार्ड राखून ठेवावे.

पतपेढी, शाळा किंवा घरच्या हिशेबाच्या कामासाठी काय घ्यावे?

टॅली, एक्सेल, मराठी टंकलेखन, ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एवढेच काम असेल, तर इनबिल्ट ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा आणि कार्ड घेऊच नये. कोअर आय-३ १२१०० सारखा प्रोसेसर या कामाला पुरून उरतो. कार्यालयासाठी दहा संगणक घेताना कोणी ‘एफ’ आणि त्यासोबत स्वस्तातले जुने कार्ड असे कोटेशन देत असेल, तर त्यात बिघडू शकणारी एक वस्तू, धूळ खाणारा एक पंखा आणि सतत वीज खाणारा एक भाग विनाकारण वाढतो आहे हे समितीच्या लक्षात आणून द्यावे.

शेअर बाजाराच्या कामासाठी तीन-चार मॉनिटर हवे आहेत. त्यासाठी कार्ड लागतेच का?

बहुतेक वेळा लागत नाही. १२४०० मधले यूएचडी ७३० किंवा १२५०० पासून पुढे मिळणारे यूएचडी ७७० एका वेळी चार पडदे चालवू शकते, आणि भावांचे तक्ते हे ग्राफिक्सच्या दृष्टीने अगदी हलके काम आहे. अडचण येते ती बोर्डावरच्या पोर्टांची. स्वस्त बोर्डांवर बहुधा दोनच पोर्टे असतात, त्यांतले एक जुने व्हीजीए असते, आणि मग तिसरा पडदा लावायलाही जागा उरत नाही. म्हणून प्रोसेसरच्या आधी बोर्डाच्या पाठीचा फोटो पाहावा आणि पोर्टे बोटाने मोजावीत. दोन पडदे बोर्डावर आणि दोन एखाद्या साध्या कार्डावर अशी विभागणीही करता येते. त्यासाठी इंटेलच्या अनेक बोर्डांवर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) ‘आयजीपीयू मल्टि-मॉनिटर’ हा पर्याय चालू करावा लागतो, कारण तिथे कार्ड बसवल्यावर इनबिल्ट ग्राफिक्स आपोआप झोपी जाते.

कार्डाशिवाय गेम खेळता येतात का?

कोणते गेम आणि कोणता प्रोसेसर, यावर सगळे अवलंबून आहे. इंटेलचे यूएचडी ७३० आणि रायझन ७००० किंवा ९००० मालिकेतले दोन कॉम्प्युट युनिटांचे (ग्राफिक्सचे काम करणाऱ्या गटांचे) ग्राफिक्स पडद्यापुरते आहे. त्याच्याकडून खेळाची अपेक्षा ठेवू नये. खेळासाठी एएमडीची ‘जी’ जात वेगळी आहे. ५६००जी मध्ये व्हेगा पद्धतीची सात युनिटे आहेत आणि त्यावर व्हॅलरंटसारखा हलका खेळ १०८०पी वर, सेटिंग खाली ठेवून, व्यवस्थित चालतो. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ८६००जी मध्ये आठ आणि ८७००जी मध्ये बारा नवी युनिटे आहेत आणि त्यांची मजल आणखी पुढे जाते.

मात्र येथे एक गोष्ट दुकानात हमखास बिघडवली जाते, आणि ती म्हणजे रॅम. कार्डावर स्वतःची वेगवान मेमरी असते. इनबिल्ट ग्राफिक्सला ती नसल्यामुळे ते संगणकाची रॅमच वापरते. डीडीआर४ ३२०० ची एकच पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पोहोचवू शकते, दोन पट्ट्या जोडीने लावल्या तर ५१.२ जीबी. आरएक्स ६६०० सारख्या मध्यम कार्डावर हाच आकडा २२४ जीबी आहे. म्हणजे इनबिल्ट ग्राफिक्स आधीच उपाशी असते, आणि एकच पट्टी लावली की त्याच्या ताटातली अर्धी भाकरीही काढून घेतली जाते. ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून १६ जीबीची एक पट्टी बसवलेला ५६००जी मी एका विद्यार्थ्याकडे पाहिला. ती काढून ८ जीबीच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावल्या, बायोसमध्ये रॅमचा वेग २४०० वरून ३२०० केला, आणि आधी अडखळणारा तोच खेळ त्याच संध्याकाळी सुरळीत चालू लागला. नवीन काहीच विकत घेतले नव्हते. पट्ट्यांची अदलाबदल दुकानदाराने करून दिली होती.

इनबिल्ट ग्राफिक्स किती रॅम खाते?

बायोसमध्ये ठरवून दिलेला हिस्सा ते सुरुवातीलाच बाजूला काढते आणि गरजेप्रमाणे पुढे आणखी वापरते. ८ जीबीच्या संगणकात त्याला २ जीबी राखून दिले, तर विंडोज आणि ब्राउझरसाठी सहाच उरतात आणि संगणक रेंगाळतो. म्हणून कार्ड घेणार नसाल तर १६ जीबी धरूनच चालावे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढल्यामुळे हा सल्ला पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही, हे मान्य करायला हवे.

आत्ता ५६००जी घेऊन दोन वर्षांनी कार्ड लावले तर काही तोटा आहे का?

आहे, आणि तो कोटेशनवर कुठे लिहिलेला नसतो. ५६००जी मध्ये ग्राफिक्सला जागा देण्यासाठी कॅश कमी केलेली आहे: ५६०० मध्ये ती ३२ एमबी आहे आणि ५६००जी मध्ये १६. शिवाय ५६००जी कार्ड जिला जोडले जाते त्या पीसीआय एक्सप्रेसची तिसरी आवृत्तीच देतो, चौथी नाही. चांगल्या कार्डासोबत खेळताना नुसता ५६०० त्यामुळे पुढे राहतो. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड तर चारच लेनचे (माहिती वाहणाऱ्या मार्गिकांचे) आहे. ते ५६००जी सोबत लावले की वेगाला चांगलाच फटका बसतो. एएम५ वर ८५००जी कार्डासाठी चारच लेन देतो आणि ८६००जी व ८७००जी आठ. एका वर्षाच्या आत कार्ड नक्की येणार असेल, तर ‘जी’ घेण्यापेक्षा १२४०० किंवा एएम५ वरचा साधा रायझन घेऊन तेवढा काळ पडद्यापुरत्या ग्राफिक्सवर काढावा. कार्ड येण्याची शक्यताच धूसर असेल, तर ‘जी’ हीच योग्य निवड आहे.

लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. माझ्याकडे चांगले कार्ड आहे, तर ‘एफ’ चालेल का?

तुमच्यासाठी मी ‘एफ’ टाळण्याचा सल्ला कार्ड असूनही देईन. इंटेलच्या इनबिल्ट ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाचा व्हिडिओ उलगडण्याचा आणि बांधण्याचा स्वतंत्र भाग २०११ पासून आहे, आणि प्रीमियरसारखी सॉफ्टवेअरे त्याचा वापर करतात. सोनी ए७ फोर सारखे कॅमेरे १०-बिट ४:२:२ पद्धतीचे (रंगांचा जास्त तपशील ठेवणारे) एचईव्हीसी या प्रकारात दाबून साठवलेले चित्रीकरण देतात. अकराव्या पिढीपासूनचे इंटेलचे डेस्कटॉप ग्राफिक्स ते सहज उलगडते, तर एनव्हिडियाच्या ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांना ते जमत नव्हते. २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेत ती सोय झाली. परिणामी, महागडे कार्ड असूनही टाइमलाइन अडकते आणि शेजारच्या टेबलावरचा साधा १२५०० ती पुढे सरकवतो, असा विरोधाभास प्रत्यक्षात दिसतो.

ऑटोकॅड, कोरल ड्रॉ, ब्लेंडर यांसाठी?

फ्लेक्सचे बॅनर, पत्रिका आणि द्विमितीय नकाशे इनबिल्ट ग्राफिक्सवर होतात. ब्लेंडरमधले रेंडरिंग किंवा क्यूडावर (एनव्हिडियाच्या स्वतःच्या प्रणालीवर) चालणारे कोणतेही काम असेल तर एनव्हिडियाचे कार्ड घ्यावेच लागते.

ऑनलाइन एक्स९९ बोर्ड आणि झिऑन प्रोसेसरचा स्वस्त संच दिसतो. त्यात ग्राफिक्स असते का?

त्या संचांतल्या झिऑन ई५ या सर्व्हरसाठीच्या प्रोसेसरांमध्ये ग्राफिक्स नसते. कोअर मोजून भुरळ पडते, पण कार्डाचा खर्च त्यात मिळवल्यावर स्वस्ताई बरीच ओसरते.

नवा संगणक सुरू होतो, पण डिस्प्ले येत नाही. आधी काय पाहावे?

आधी केबल कुठे लावली आहे ते पाहावे. कॅबिनेटच्या पाठीमागे वरच्या बाजूला उभी पोर्टे बोर्डाची असतात आणि त्यांच्या खाली आडवी पोर्टे कार्डाची. प्रोसेसर ‘एफ’ असताना केबल वरच्या पोर्टात असेल तर पडदा काळाच राहणार. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असताना, आणि बोर्डाने ते चालू ठेवलेले असताना, केबल तिथे असेल तर प्रकार अधिक फसवा होतो: चित्र दिसते, विंडोज चालते, आणि हजारो रुपयांचे कार्ड निवांत बसलेले असताना गेम मात्र अडखळतात. अशी तक्रार घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी चार महिने कार्डाला दोष दिला होता. केबल ठीक असेल तर कार्डाला जाणारी वीजेची जोडणी आणि रॅमची बैठक तपासावी. जुन्या बी४५० बोर्डावर ५६००जी बसवला असेल तर बायोस अद्ययावत आहे का तेही विचारावे, कारण जुने बायोस त्या प्रोसेसरला ओळखतच नाही.

दुकानात पैसे देण्यापूर्वी काय करावे?

कोटेशनवरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा क्रमांक अक्षरासकट एकच आहे याची खात्री करावी. वॉरंटीच्या वेळी बिल आणि खोके यांचा मेळ पाहिला जातो, त्यामुळे बिलावर नुसते ‘आय-५ बारावी पिढी’ असे लिहू देऊ नये. इनबिल्ट ग्राफिक्सचा प्रोसेसर घेत असाल, तर कार्ड बसवण्याआधी मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टात लावून संगणक काउंटरवरच सुरू करून दाखवायला सांगावे. बायोसचा पडदा डोळ्यांनी पाहावा, त्यावर प्रोसेसरचे पूर्ण नाव वाचावे, आणि मगच कार्डाचे खोके उघडू द्यावे.